बॉयलर नाना आणि चार दिवसांची आग

बॉयलर नाना आमच्या घरी आले की आधी माणसांकडे बघायचे नाहीत, गॅसच्या शेगडीकडे बघायचे. चपला दारात आणि डोकं स्वयंपाकघरात. "ज्योत पिवळी मारतेय. बर्नर कधी धुतला होतास?" हा त्यांचा रामराम. मी म्हणायची, नाना, आधी बसा तरी, घोटभर पाणी घ्या. ते कसले ऐकतात. टाचणी मागायचे, बर्नरची भोकं एकेक करून मोकळी करायचे, निळी ज्योत लागली की मगच चेहऱ्यावर हसू यायचं आणि मगच पाण्याचा पेला हातात घ्यायचे. सुरतेत डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत नानांनी टाचणी घातली नाही अशी एकही शेगडी नव्हती. नव्या सुनेच्या घरीसुद्धा ते असेच शिरायचे. ती बिचारी बावरून पदर सावरेपर्यंत यांचा बर्नर उघडून झालेला असायचा.

पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये नानांनी उभा जन्म बॉयलरवर काढला. कोळसा टाकायचा, राख ओढायची, वाफेच्या काट्याकडे बघत बसायचं. मूळचे अमळनेरकडचे. बायको लवकर गेली, मुलगा नाशकाला नोकरीला, हे इथे एकटे. आगीला ते आग म्हणत नसत, 'ती' म्हणत. ती भुकेली आहे, तिला हवा कमी पडतेय, आज तिचं काही खरं नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याने घरात कुणी आणून ठेवली की काय. दोन गल्ल्या पलीकडचा धूर नाकात गेला तरी सांगायचे, हे रबर आहे, हे ओलं लाकूड आहे, हा कुणाचा तरी पोळीचा तवा आहे. मी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम घरी करते. एकदा कामाच्या नादात माझी डाळ करपली, तर हे खालच्या ओट्यावरून ओरडले की उतरव ती डाळ. मला तोपर्यंत पत्ताही नव्हता.

मिलमध्ये सुट्टीचा दिवस आला की नाना बॉयलरमधली आग विझवत नसत, दाबत. म्हणजे निखाऱ्यांवर राखेचा जाड थर टाकून तिला झोपवायचं. दुसऱ्या दिवशी राख बाजूला केली, हवा दिली की ती पुन्हा तय्यार. ते म्हणायचे, "विझवायला अक्कल लागत नाही, ते कुणीही करतं. झोपवायला माणूस लागतो." याचा त्यांना फार अभिमान होता. इतक्या वर्षांत त्यांच्या पाळीला एकदाही काही घोटाळा झाला नव्हता, आणि हे ते आठवड्यातून निदान तीनदा सांगायचे. आम्ही बायका त्यांच्या तोंडावर हसायचो. ते पण हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

थंडीत नानांचं भरीत असायचं. आम्ही सगळे खानदेशी, सुरतेत कितीही वर्षं काढली तरी भरिताशिवाय हिवाळा गेला असं वाटत नाही. वांगी गावाकडची, हिरवी, हातभर लांब. भाजायची कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, गॅसवर नाही. त्या काड्या नाना रेल्वेने बांधून आणायचे. सामान ठेवण्यावरून डब्यातल्या लोकांशी दरवेळी भांडण व्हायचंच. सोसायटीच्या मागे भिंतीपलीकडे एका बिल्डरची मोठी मोकळी जागा आहे. पार खाडीपर्यंत नुसत्या वेड्या बाभळी आणि पुरुषभर उंचीचं गवत. भिंतीला एक भगदाड होतं, तिथून पलीकडे गेलं की थोडी साफ जमीन. तिथे तीन दगडांची चूल मांडायची, लाकडी बडगीत वांगी ठेचायची, शेंगदाणे, कांद्याची पात, ठेचलेली मिरची आणि सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. त्या जागेचे राखणदार जयसिंगभाऊ, नवापूरकडचे, तिथेच पत्र्याच्या खोलीत बायको आणि दोन मुलींना घेऊन राहायचे. नाना पहिली पुरी त्यांच्या हातावर ठेवायचे. आम्ही बाकीचे मात्र त्यांच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलायचो.

त्या वर्षी शेवटचं भरीत होळीच्या पंधरा दिवस आधी, रविवारी दुपारी झालं. जेवणं झाली, भांडी गोळा झाली. नानांनी फावड्याने निखारे एका जागी ओढले आणि वर छान राखेचा थर टाकला. हाताची सवय, दुसरं काय. त्यांच्या लक्षात आलं ते चार पावलं पुढे गेल्यावर. वळून मला म्हणाले, "पोरी, वरून ती बादली ओतून टाक." मी हो म्हटलं. भरलेली बादली माझ्या हातातच होती. पण पुढे भांड्यांचा ढीग, भरिताचं तेल लागलेली बडगी, आणि आमच्या नळाचं पाणी तर तीनलाच जातं. मी राखेकडे पाहिलं. पांढरी, थंडगार दिसत होती. मी बादली तशीच उचलून घरी आणली आणि भांडी घासली.

सोमवारी दुपारी बाभळी पेटल्या. वारा खाडीकडे वाहत होता म्हणून सोसायटी वाचली, पण पलीकडे बघता बघता सगळं रान लाल झालं. अग्निशमनचे बंब आले, पण काट्यांत गाडी शिरेना. त्यांनी भिंतीच्या बाजूचा पट्टा भिजवून ठेवला आणि सांगितलं की आतलं जळून जाईपर्यंत दोन-चार दिवस धुमसणार, खिडक्या लावून घ्या.

मग काय, आग शेजारी आणि आमचा संसार चालू. वाळत घातलेले कपडे काळ्या ठिपक्यांचे निघायचे. दह्याचं भांडं उघडं राहिलं की त्यात राख. टिकल्या चिकटवायच्या त्या गुलाबी साडीवर इतकी काजळी बसली की माल देणाऱ्या भाईने विचारलं, बेन, ये डिझाइन किसने बोला था. एक घोरपड जीव वाचवत आली ती थेट जिन्याखाली, आणि वरच्या मजल्यावरच्या दोन बायकांनी संध्याकाळपर्यंत खाली पाय ठेवला नाही. सोमवारी मुलं शाळेतून आली ती थेट गच्चीवर. आणि गच्चीवर कोण, तर नाना. त्यांच्या इतक्या वर्षांच्या विद्येला असं गिऱ्हाईक कधी मिळालंच नव्हतं. लोक येऊन विचारत होते, नाना, काय म्हणते? नाना डोळे बारीक करून धूर बघत होते आणि सांगत होते, "काळा आहे तोवर ती खातेय. पांढरा झाला की समजायचं पोट भरत आलं." रात्रीची खिचडी लावायची की नाही हेसुद्धा बायका त्यांना विचारून ठरवत होत्या.

सोमवारी संध्याकाळी गच्चीवरून उतरताना त्यांनी मला जिन्यात गाठलं. हळूच विचारलं, "पोरी, रविवारी पाणी ओतलं होतंस ना?" मी म्हटलं, हो नाना, ओतलं होतं. ते बरं म्हणाले आणि गेले. मंगळवारी सकाळी भिंतीजवळचा भाग निवल्यावर ते भगदाडातून पलीकडे गेले. मी खिडकीतून बघत होते. आमच्या तीन दगडांपाशी उकिडवे बसले, चिमूटभर राख बोटांत घेऊन चोळली, सोडून दिली, पुन्हा घेतली. पाणी पडलेल्या राखेची खपली होते, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. आमच्या चुलीतली राख पिठासारखी उडत होती. त्या दिवशी गच्चीवर लोक वाट बघत राहिले, नाना काही आले नाहीत. बीपी वाढलंय म्हणून निरोप पाठवला.

खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांना कळलं होतं हे मला कळलं होतं, आणि तरी ते काही बोलत नव्हते. मी मूग गिळून बसले. नवऱ्यालासुद्धा बोलले नाही.

पण बुधवारी बिल्डरचा मॅनेजर आला. वरून आगीबद्दल विचारणा झाली होती, त्याला कुणाच्या तरी गळ्यात हे घालायचंच होतं. जयसिंगभाऊ विडी ओढतात हे सगळ्यांना ठाऊक. झालं, ठरलं. थोटूक टाकलं असणार, दुसरं कोण असतं तिथे. सोसायटीच्या प्रमुखांनीही मान डोलावली. मॅनेजरने सांगितलं की उद्या सकाळी खोली रिकामी करा. जयसिंगभाऊ म्हणाले, मी त्या दिवशी विडी ओढलीच नव्हती. एवढंच म्हणाले, पुन्हा बोलले नाहीत. त्यांच्या बायकोने संध्याकाळी भांडी पोत्यात भरायला घेतली. मोठ्या मुलीची दहावीची परीक्षा महिन्यावर होती. मला जेवण गेलं नाही, पण तोंडही उघडलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, नवरा काय म्हणेल, सोसायटी काय म्हणेल, हेच चालू होतं डोक्यात.

गुरुवारी सकाळी प्रमुख, मॅनेजर आणि निम्मी सोसायटी फाटकापाशी जमली होती. पोती टेम्पोत चढत होती. नाना आले. दाढी केलेली, मिलमध्ये बक्षीस घेताना घातलेला पांढरा सदरा. रागावले की आणि खूश झाले की नाना अहिराणीत बोलायचे, एरवी आमच्यासारखं मराठी. त्या दिवशी ते दोन्ही नव्हते, तरी अहिराणीतच म्हणाले, "मनी चूक शे. त्यानी नही."

मग त्यांनी मॅनेजरला समजेल अशा हिंदीत सगळं सांगितलं. भरीत मी केलं, चूल मी मांडली, निखारे मी दाबले. बॉयलरवरच्या माणसाच्या हाताला विझवायची सवयच नसते, साहेब. तिथे आग जपायची असते, उघड्या रानात मारायची असते, हा फरक मी विसरलो. "पाणी टाकायचं माझ्या डोक्यातच आलं नाही," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे चुकूनही पाहिलं नाही.

मी तिथेच होते. तिसऱ्या-चौथ्या रांगेत, हातात दुधाची पिशवी घेऊन.

मॅनेजरने नानांकडून कागदावर लिहून घेतलं, चार उलटसुलट शब्द ऐकवले. पोती टेम्पोतून पुन्हा खाली उतरली. त्याच दुपारी नाना आणि जयसिंगभाऊ दोघं ओल्या फांद्या घेऊन खाडीकडे धुमसणारं गवत झोडपत होते, आणि शुक्रवारी सकाळी रान पूर्ण विझलं. मुलीने परीक्षा दिली, पास झाली, पेढा आधी नानांना.

त्यानंतर सोसायटीने नानांना काही सोडलं नाही. येता-जाता चिडवायचे, काय नाना, आज कुठे लावताय? ते म्हणायचे, तुझ्याच शेगडीत, ज्योत पिवळी आहे तुझी. घोटाळा न झाल्याची ती आठवड्यातून तीनदा सांगायची गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही. एवढं एकच काय ते त्यांच्याकडून गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं. माझ्या घरी ते पूर्वीसारखेच यायचे, टाचणी मागायचे. एकदाही टोचून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर मुलगा त्यांना नाशकाला न्यायला आला. फाटकापाशी रिक्षा उभी होती, सगळी गल्ली जमली होती. बायका डोळे पुसत होत्या आणि पुरुष थट्टा करत होते. प्रमुख हसत हसत म्हणाले, नाना, नाशकात जंगल जास्त आहे, जरा जपून. सगळे हसले, नानाही हसले. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, माझ्याच्याने राहवलं नाही. मी मोठ्याने म्हटलं, "नानांनी मला पाणी ओतायला सांगितलं होतं. बादली माझ्या हातात होती. मी ओतली नाही, आणि ओतली म्हणून खोटं सांगितलं."

माझा नवरा माझ्याकडे बघतच राहिला. मग माझ्या मागून जयसिंगभाऊंचा आवाज आला.

"मला माहीत आहे, ताई. तुम्ही भरलेली बादली घेऊन गेलात तेव्हा मी भिंतीपाशीच होतो. बुधवारी संध्याकाळी नाना आले माझ्या खोलीवर. म्हणाले, उद्या मी सांगतो, तू पोरीचं नाव काढू नको. तिला इथेच राहायचंय, मी म्हातारा माणूस."

खोली रिकामी करायचा हुकूम झाला होता, बायको पोती भरत होती, आणि या माणसाने माझं नाव पोटात ठेवलं होतं. नाना रिक्षातून डोकं बाहेर काढून त्यांच्यावरच खेकसले, "तुले सांगेल व्हतं ना रे?" मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, मी तर दोन दिवस घरात दडून बसलो होतो. तुला आठ महिने लागले, एवढाच फरक." मी तिथेच रडले, सगळ्यांसमोर. नाना रिक्षावाल्याला म्हणाले, चल बाबा, गाडी चुकेल.

रिक्षा गेली. लोक कुजबुजत पांगले, नवरा वर गेला. जयसिंगभाऊ फाटक लावायला वळले. आठ वर्षं तो माणूस आमच्या भिंतीपलीकडे राहत होता आणि आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता, कारण कुणी बोलावलंच नव्हतं. मी त्यांना म्हटलं, भाऊ, घरी चला, चहा घ्या. वहिनींना आणि मुलींनाही बोलवा.