बेटाचं नाव घेतलं आणि पाणी गोड झालं

आधीच कबूल करते, या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आले ते हसायला. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाच्या घरात भांडी पडतात... मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि दोघं चहा पिता पिता खिदळायचो. माझं कामही तसलंच रोखठोक. रत्नागिरीत एका छोट्या खाजगी प्रयोगशाळेत मी पाणी तपासते. बागायतदार, हॉटेलवाले, सोसायटीवाले विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी बाटलीतून आणतात आणि मी त्यांना ते पिण्यालायक आहे की नाही ते सांगते. पाण्यात जे असतं ते असतं, नसतं ते नसतं. त्यात श्रद्धेला जागा नाही.

तर आता माझ्यावर हसायची पाळी तुमची.

माझा नवरा इम्रान मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. आधी काही वर्षं तो कतारला टगबोटीवर होता. त्याला लहानाचा मोठा केला तो त्याच्या फुफूनं, म्हणजे वडिलांच्या बहिणीनं. फुफू पूर्णगडला राहते, एकटी. सत्तरी ओलांडली आहे, पण कोळंबी सोलायला बसली की आमच्यासारख्या दोघी मागे पडतात. तोंडही तसंच चालतं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरचं माणूस म्हणून मला तिची जरा धास्तीच होती. आता सांगते, माझ्या आयुष्यात मला इतकं आवडलेलं दुसरं माणूस नाही.

फुफूचं लग्न झालं आणि वर्षाच्या आतच तिचा नवरा गेला. तो गलबतावर खलाशी होता. मंगळूरहून कौलं भरून परत येताना बोटीवर ताप आला, वाऱ्यानं गलबत भरकटलं, आणि लक्षद्वीपच्या एका बेटावर त्याला दफन करून बाकीचे घरी आले. फुफूला बेटाचं नाव तेवढं सांगितलं गेलं. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. भावाची मुलं वाढवली, मासे सुकवले, माडांची राखण केली, आणि रोज सकाळी पाणी भरत राहिली.

हे पाणी भरणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडच्या काही दर्यावर्दी घरांत अशी चाल होती की माणूस सफरीवर निघाला की घरच्या विहिरीचं पाणी सुरईत भरून समुद्राच्या बाजूच्या कोनाड्यात ठेवायचं. रोज कालचं माडाच्या बुडात ओतायचं आणि ताजं भरायचं. माणूस परत आला की घरात पाऊल टाकून पहिल्यांदा तेच पाणी प्यायचा. आता बोटींवर फ्रिज आले, खिशात मोबाईल आले, ती चाल मोडली. फुफूनं मात्र मोडली नाही. एकदा मशिदीतल्या मौलानांनी तिला समजावलं की याला धर्मात काही आधार नाही. तर ही त्यांना म्हणाली, "मौलाना, हां धर्म नाय, पानी हाय. तान लागली तर तुमी पन पिवा."

नवरा गेला हे तिला पक्कं ठाऊक होतं. वेडीबिडी मुळीच नाही. मी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा ती अगदी सहज म्हणाली, "निघताना बोललेलान, पानी भरून ठेव. बंद कर असां कवा बोललाच नाय."

मागच्या थंडीत तिच्या डोळ्यांचं निदान झालं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती थेंब टाकून जितकी टिकेल तितकी टिकेल. दवाखान्यातून बाहेर पडताना फुफूनं माझा हात धरला आणि पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. "दिसतां हाय तवर माला त्या बेटावर नेशील?"

मी हो म्हणून बसले. त्या वेळी मला बेट म्हणजे निळं पाणी आणि नारळाची झाडं एवढंच माहीत होतं!

तयारी जानेवारीत सुरू झाली. समुद्राचा विचार केला तर पाऊस सुरू व्हायच्या आतले महिनेच खरे. दर्या शांत, बोटी वेळेवर. मे निम्मा झाला की वारे फिरतात आणि मग बोटीचा भरवसा नाही. पुढच्या मोसमाची वाट बघायची तर फुफूचे डोळे वाट बघायला तयार नव्हते. तेव्हा न्यायचं तर याच मोसमात. तिच्या घरी पडवीत बसून आम्ही सगळं ठरवलं... कोचीपर्यंत रेल्वे, तिथून बोट. इम्राननं मोबाईलवर नकाशा मोठा करून तिला बेट दाखवलं, नाव मोठ्यानं वाचलं. फुफूनं स्क्रीनवर बोट टेकवलं आणि नकाशा सरकून भलतीकडेच गेला. आम्ही खूप हसलो.

मार्चमध्ये पूर्णगडच्या विहिरी मचूळ होतात. खाडी जवळ, पाणी खाली गेलं की खारं आत शिरतं. दरवर्षीचं आहे. लोक प्यायला टँकरचं नाहीतर नळाचं पाणी घेतात. फुफूही घेते. पण सुरईत मात्र घरच्या विहिरीचंच भरायचं, मचूळ तर मचूळ.

एका रविवारी मी गेले तर तिनं सुरई माझ्यापुढे धरली. "बग चाखून. तू पान्याची डाक्टरीन ना?"

पाणी गोड होतं. नुसतं बरं नव्हे, डोंगरातल्या झऱ्याचं असावं तसं. मी म्हटलं, "फुफू, नळाचं भरलंत वाटतं." ती रागावली. मग मी माझ्या पद्धतीनं घेतलं. पर्समध्ये क्षार मोजायचा मीटर असतोच, पेनाएवढा. विहिरीचं पाणी स्वतः शेंदलं आणि मोजलं. आकडा असा की मी कुणाला ते झाडांनाही घालू दिलं नसतं. तेच पाणी सुरईत ओतलं, वर वाटी झाकली आणि तिथेच सुरईकडे बघत, फुफूबरोबर काजू फोडत बसले. उन्हं कलली तेव्हा पुन्हा मोजलं.

गोड.

मातीमुळे असेल म्हणून पुढच्या खेपेला नवीन सुरई नेली. तेच. मग स्टीलचा तांब्या ठेवला. तेच. कोनाड्याऐवजी स्वयंपाकघरात ठेवलेलं पाणी मात्र जसंच्या तसं मचूळ राहिलं. मीटर बदलला. प्रयोगशाळेतल्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, तुमच्या मोजण्यात चूक आहे. मलाही तेच वाटत होतं, फक्त ती चूक मला सापडत नव्हती. मातीच्या भांड्यातलं पाणी उडून गेलं तर उरलेलं आणखी खारं व्हायला हवं, गोड नव्हे. हे शाळेतली मुलंही सांगतील.

"कधीपासून असं आहे?" मी फुफूला विचारलं.

"तुमी बेटाचां नाव घेतलांत ना, त्या दिसापासना." असं म्हणून ती शांतपणे काजू फोडत राहिली. मला भीती वाटली नाही, हे मुद्दाम लिहिते. त्या पडवीत मला फार बरं वाटायचं.

इकडे रत्नागिरीत आमचा बेत अडला होता. लक्षद्वीपला परवाना लागतो आणि सहलीवाल्यांना ठरावीक बेटंच मिळतात. आमचं बेट त्यात नव्हतं. तिथं जायचं तर तिथल्या कुणीतरी आपल्याला नावानिशी बोलवावं लागतं. आम्ही अर्ज केले, फोन केले, कुठेच दाद लागेना. एप्रिल निम्मा संपत आला. एक दिवस इम्रान जेवता जेवता म्हणाला, "दुसऱ्या बेटाचं बुकिंग केलंय. वाळू तीच, माड तेच. एखादं जुनं कब्रस्तान बघू आणि सांगू की हेच. तिला कुठे एवढं दिसतंय?"

मी भांडले. तो म्हणाला, "अजिबातच न नेण्यापेक्षा बरं ना?" त्याचे डोळे भरून आले होते, त्यामुळे त्याला खोटारडा म्हणणंही जमेना. हे बोलणं आमच्या दोघांत, आमच्या घरात झालं. तिसऱ्या माणसाला माहीत नव्हतं.

रविवारी दोघं पूर्णगडला गेलो. फुफू पडवीत बसली होती, सुरई मांडीवर. आमच्या पायांचा आवाज ऐकून तिनं मान वर केली.

"पानी खारां झायला," ती म्हणाली. "बेत मोडलात काय रे?"

इम्रान हसला. उसनं हसू मला लगेच कळतं. "नाय गो फुफू. बुकिंग झालं. हे बघ." त्यानं मोबाईल तिच्यापुढे धरला.

तिनं मोबाईलकडे बघितलंच नाही. त्याच्या चेहऱ्याच्या दिशेनं बघत म्हणाली, "माला कुठं नेतास तू?"

इम्रान खाली बसला. इतका धिप्पाड माणूस, इंजिन एकट्यानं हलवणारा, फुफूच्या पायाशी बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. मी मीटर काढून सुरईत बुडवला. आकडा विहिरीचाच होता, तंतोतंत.

फुफू ओरडेल असं वाटलं होतं. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू माझ्यासाटीच केलांस, ठावूक हाय माला. पन दुसऱ्याच्या दारात जाऊन कोन आपलां मानूस मागतां काय?"

इम्रान उठला. मग बाहेर अंगणात जाऊन त्यानं एक फोन लावला. कतारला त्याच्या बोटीवर कोया नावाचा एकजण होता, नेमका त्याच बेटाचा. दोघांचं कामावरून काहीतरी बिनसलं होतं आणि कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. मला हे माहीत होतं. मी जानेवारीतच सुचवलं होतं तेव्हा "त्याच्यासमोर मी वाकणार नाही" असं म्हणून त्यानं विषय तोडला होता. आता पडवीतून मला दिसत होतं... इम्रान माडाला टेकून उभा, आधी अवघडलेला, मग मोठ्यानं हिंदीत बोलणारा, मग चक्क हसणारा. परत आला तो नाक ओढत. "त्याची आई बोलावतेय आपल्याला. म्हणाली, परवान्याचं मी बघते, तुम्ही फक्त या."

आम्ही जेवलो. भात आणि बांगड्याचं कालवण. निघताना मी मीटर पुन्हा एकदा सुरईत बुडवला. मला वाटतं तुम्ही ओळखलंच असेल.

मी त्या दिवशी रडले. कशासाठी ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मेच्या सुरुवातीला आम्ही निघालो. फुफूनं सुरईतलं पाणी एका प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून घेतलं आणि कोचीपर्यंत पदराखाली धरलं. बोटीवर मी आणि इम्रान दोघंही उलट्या करून आडवे झालो. ही बाई आमच्या पाठीवरून हात फिरवत, अनोळखी बायकांशी आपल्या बोलीत गप्पा मारत फिरत होती. त्यांना हिचं कळत नव्हतं, हिला त्यांचं, पण गप्पा काही थांबल्या नाहीत.

बेटाचं नाव मी इथे लिहीत नाही. लहान जागा आहे, उगाच कुणी शोधत जायला नको. कोयाच्या आईनं आम्हाला घरच्यासारखं ठेवलं आणि दुसऱ्या सकाळी कब्रस्तानात नेलं. एका कडेला बाहेरून आलेल्या खलाशांच्या कबरी होत्या. प्रवाळाचे दगड उभे केलेले, एकावरही नाव नाही. जुन्या माणसांना एवढंच आठवत होतं की वादळात आलेल्या, तापानं गेलेल्या लोकांना इथे ठेवायचे. फुफूचा नवरा त्यांतल्या कुठल्या दगडाखाली ते सांगणारं कुणी उरलेलं नव्हतं.

इतक्या लांब येऊन ही वेळ! इम्रान एकेका दगडाशी वाकून अक्षरं शोधू लागला. फुफूनं त्याला हाक मारली. "कशाला शोधतास? ह्यातला एक माझा. बाकीचे पन कोनाचे तरी हायतच. त्यांच्या घरातनां कोन येनार हाय इतक्या लांब?"

मग तिनं मृतांसाठीची फातिहा म्हटली, बाटलीचं झाकण काढलं आणि पहिल्या कबरीपासून सुरुवात केली. एका हातानं दगड चाचपायचा आणि दुसऱ्या हातानं थोडंसं पाणी ओतायचं. आम्ही मागून चालत होतो. तिला घाई नव्हती. कुणाला जास्त, कुणाला कमी असंही नव्हतं. मला तिचा फार अभिमान वाटत होता.

शेवटच्या कबरीपाशी बाटली संपली. फुफूनं ती उलटी करून हलवली, पुन्हा हलवली.

माझ्या पर्समध्ये सॅम्पलची बाटली होती. निघायच्या सकाळी मी सुरईतलं थोडं पाणी सीलबंद करून घेतलं होतं. परतल्यावर मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवणार होते, म्हणजे माझ्या मोजण्यात चूक आहे म्हणणाऱ्यांच्या तोंडावर रिपोर्ट टाकता आला असता. दुसरं पाणी शिल्लक नव्हतं. मी सील तोडलं आणि बाटली फुफूच्या हातात दिली. म्हणून आज माझ्याकडे दाखवायला काही नाही, आणि स्पष्टीकरण तर त्या दिवशीही नव्हतं, आजही नाही. विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही, मीही ठेवला नसता.

फुफू त्या परक्या दगडाशी वाकली, सगळं पाणी ओतलं आणि दारात आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशी म्हणाली, "पिवा बाबा. गोड हाय."