ओ बाई, नळ बंद करा!

पडद्यावरच्या माणसांना आपलं बोलणं ऐकू येत नाही, यावर आमच्या मोठ्या साडूंचा उभ्या जन्मात विश्वास बसला नाही. हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान, मूळचे लोह्याकडचे. खलनायक दाराआड लपला की ते खुर्चीतूनच नायकाला सावध करत, आणि एवढं करूनही तो गाफील राहिला तर "मर मग!" म्हणून अंग काढून घेत. टॉकीजच्या पाण्यावर भरवसा नसल्यामुळे हातात घरचा फिरकीचा तांब्या असे. दुसऱ्या दिवशी कचेरीत ते सिनेमाची गोष्ट सांगत, ती मूळ सिनेमापेक्षा हमखास सरस असे. कारण न पटलेली लग्नं ते परस्पर मोडत आणि मेलेल्या आयांना उठवून बसवत. त्यांच्या तोंडची गोष्ट ऐकून सिनेमाला गेलेली माणसं "आई तर मेलीच की राव!" अशी तक्रार घेऊन परत आलेली मी पाहिली आहेत.

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा आम्ही दोघेही बदलून तिथं आलो. जुन्या पाट्या उतरून नव्या चढल्या, साहेब आले, साहेबांच्या खुर्च्या आल्या. पाऊस तेवढा आला नाही. "जिल्हा नवा झाला, पण ढगाला अजून जीआर पोचला न्हाई," असं साडू म्हणत. त्यांच्याकडे रेणापूर भागातल्या गावांना टँकर पाठवायचं काम होतं. दिवसभर लोक येऊन त्यांच्यावर ओरडत आणि ते शांतपणे ऐकून घेत. रविवारी टॉकीजमध्ये बसून ते ती भरपाई करत असावेत.

अशाच एका रविवारी आम्ही चौघं दुपारच्या खेळाला गेलो. बायका बायकांच्या बाजूला, आम्ही आमच्या. जुने प्रेमिक थंड हवेच्या ठिकाणी सुटीला जातात आणि अचानक समोरासमोर येतात, अशी गोष्ट होती. जाहिरात फार मोठी झाली होती. प्रत्यक्षात ते दोघं एका तळ्याकाठी उभे राहून एकमेकांना टाळत होते आणि मधूनमधून होडीत बसत होते. साडूंचं लक्ष प्रेमिकांकडे नव्हतंच. "तळं बघा साडूभाऊ, तळं," ते मला कोपरानं ढोसत म्हणाले, "अन् ही माणसं रडून राहिली!" पुढे नायिका हॉटेलच्या खोलीत गेली, तिनं नळ सोडला आणि आरशात बघत जुन्या आठवणी काढायला लागली. आठवणी काही संपेनात. नळ भळाभळा वाहत राहिला. साडूंनी धीर धरला, खुर्चीत चुळबूळ केली, आणि शेवटी उभे राहून गरजले, "ओ बाई, नळ बंद करा आधी! रडा मग पायजे तेवढं!"

सगळी टॉकीज हसली. त्या वर्षी लातुरात हा संवाद न कळणारा माणूस नव्हता. इतका वेळ मरगळलेल्या त्या खेळात जीव आला तो तेवढाच.

मध्यंतरात आम्ही बाहेर आलो, तर एक चष्मेवाल्या बाई साडूंपुढे येऊन उभ्या राहिल्या. सोबत कुणी नव्हतं. "जयभीम," त्या म्हणाल्या, "आवाजावरूनच वळखलं. बदललेले न्हाईत तुम्ही."

साडूंनी तांब्या या हातातून त्या हातात घेतला. "जयभीम," ते म्हणाले.

माझ्या बायकोनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. मागच्या मोठ्या दुष्काळात ही दोघं एकाच रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. दोघांचं जमलं होतं. पण बाईच्या वडिलांना नोकरीवाला जावई हवा होता, आणि साडूंना नोकरी लागली तोवर बाईचं मुदखेडच्या एका मास्तरांशी लग्न लागून गेलं होतं. मास्तर दोन-चार वर्षांपूर्वी वारले. बाई लातूरला बहिणीकडे आल्या होत्या आणि वेळ जात नाही म्हणून सिनेमाला.

अक्कांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी बाईंचा हात धरला. "सिनेमा सुटला की घरी चला ताई. तशा जाऊ देणार न्हाई मी."

मध्यंतरानंतर नायक दरीच्या टोकावर गेला, नायिकेनं भलत्याच माणसाला पत्ता विचारला. साडूंनी कुणालाही सावध केलं नाही. घरी आल्यावरही तेच. अक्का आणि बाई मुलांविषयी, शाळेविषयी, पाण्याविषयी बोलत राहिल्या आणि साडू पाहुण्यासारखे भिंतीला टेकून बसून राहिले. बाईंनीच एकदा विचारलं, "तब्येत बरी हाय ना?"

"हाव," साडू म्हणाले. "तुमची?"

"बरी हाय."

चहा झाला. बाई निघाल्या, तेव्हा अक्का म्हणाल्या, "आवो, ताईला बहिणीच्या घरापर्यंत सोडून या. पायीच जा, ऊन उतरलंय आता." घर तसं लांब होतं, चांगलं गावाच्या दुसऱ्या टोकाला.

साडू चपला घालून निघाले. आणि आम्हाला वाटलं होतं त्याच्या फार आधीच परत आले. कोपऱ्यावर रिक्षा उभी होती म्हणे, तिच्यात बसवून दिलं. चपला काढून ते आत जाऊन आडवे झाले.

अक्का भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. माझ्या बायकोकडे न बघताच त्या म्हणाल्या, "मी म्हणलं होतं ना, पायी जा म्हणून. जरा उशिरा आले असते तर मी काय विचारणार होते का गं?"