तांबड्या थराची बाटली

वीस वर्षं चित्रकला शिकवते आहे, त्यामुळे रंग ओळखण्यात मी चुकत नाही, असं छातीठोकपणे सांगायचे. एडवणच्या किनाऱ्यावरच्या जुन्या जकात-कोठीत प्रदर्शन भरवलं तेही याच जोरावर. भिंतीचा एकेक थर ब्लेडने खरवडायचा, भुकटी जॅमच्या बाटलीत भरायची आणि थर कुठल्या काळातला ते खाली लिहायचं. सात बाटल्या झाल्या. त्यांत सगळ्यांत देखणी तांबडी. तिच्याखाली मी ठसक्यात लिहिलं, ‘पोर्तुगीज अंमलातला गेरू’. पालघर-बोईसरहून आलेली मंडळी नेमकी तिच्यापाशी फोटो काढायची आणि मी फुशारून जायचे.

तिसऱ्या दिवशी मासे विकून परतणारी एक म्हातारी रिकामी पाटी दारात ठेवून आत आली. तिने तांबडी बाटली उघडली, हुंगली आणि चिमूटभर भुकटी थुंकीने ओली करून बोटावर चोळली.

“ही ऐनाच्या झाडाची साल हाय, बाय. मासे धरायची जाळी सुताची व्हती तवा साल उकळून तिच्यात बुडवायचो, कुजू नयेत म्हनून. मंग माजा नवरा ती हितं भिंतीवर टाकायचा, निथळायला.”

मी वाद घातला. कोठी किती जुनी, गेरू कसा दिसतो, सगळं ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे पाहिलं. तांबडं होतं तिथे आता माझ्या ब्लेडने काढलेला स्वच्छ पांढरा चौकोन होता.

“समदं खरवडलंस?”

“हो, सगळं.”

“होडी परत आली, तो नाय आला. फोटू पन नाय त्याचा. चुन्याखालून जरा तांबडं दिसायचं, जाता-येता तेवढं बगून जायची मी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाटली तिच्या हातात दिली. तिने भुकटी पदराच्या टोकात ओतली, घट्ट गाठ मारली आणि रिकामी बाटली जागच्या जागी ठेवली.

“बाटली तुजी हाय,” म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

प्रदर्शन आणखी चार दिवस चाललं. रिकामी बाटली मी हलवली नाही, फक्त खालचा कागद काढून टाकला. यात काय होतं, असं लोक विचारायचे. मी पूर्वीइतक्याच ठामपणे सांगायचे, “एका बाईचा नवरा या भिंतीवर जाळी टाकायचा. त्याची तेवढीच खूण उरली होती. ती मी खरवडली.”