तांदळात उमटलेली भागी

मी पेणची. भूतबाधा, अंगात येणं असलं काही कुणी सांगायला लागलं की पहिली हसणारी मीच... त्यामुळे हे मी लिहितेय यावर घरच्यांचाही विश्वास बसणार नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या मुलाचं, निलेशचं लग्न झालं. तो डोलवीच्या बाजूला कंपनीत आहे. मुलगी रोह्याची, तन्वी. आमच्यात सून घरात आली की नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहितो. ते ठरवायचा मान सासूचा. मी 'नीलिमा' ठरवलं, निलेशला शोभतं म्हणून... दुसरं काही कारण नव्हतं.

लग्नाआधी तन्वीचा फोन आला होता. "आई, माझं नाव राहू दिलं तर चालेल का?"

"अगं, नाव बदललं म्हणून माणूस थोडंच बदलतं?" मी हसण्यावारी नेलं.

निलेशने नाव लिहिलं, फोटो निघाले, पेढे वाटले. ताट मी देवघरात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आणि निलेश मंडपवाल्याची भांडी परत करायला गेले होते, तन्वी अंघोळीला. मी दिवा लावायला गेले आणि बघते तर — ताटात 'नीलिमा' नव्हतंच. ठसठशीत अक्षरांत 'भागी' लिहिलेलं.

माझं डोकंच फिरलं. हिनेच केलं, दुसरं कोण? घरात बाकी फक्त ह्यांच्या म्हाताऱ्या आत्या, आणि त्यांना लिहिता येत नाही. रागाच्या भरात मी तळहाताने तांदूळ सारखे करून टाकले. तन्वी बाहेर आली तशी ओल्या केसांनिशी तिला उभं करून नको नको ते बोलले. "एवढाच माज होता तर बापाकडेच राहायचं होतंस!"

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, भागी कोण?"

उत्तर ओटीवरून आत्यांनी दिलं. "भागी? ती माझी आजी गो! रोह्याची व्हती. म्हायेरचा नाव भागी, हिकडं आणली नि पार्वती केली. तुमाला कुनी सांगितला?"

निलेशने मागे जातीच्या दाखल्यासाठी आमची वंशावळ काढली होती. तीत पार्वती होती, पण तिचं माहेरचं घराणं कोणतं, ते आत्यांनाही ठाऊक नव्हतं. तन्वीच्या बाबांनी रोह्यात चौकशी करून ते घर शोधलं. त्या घरच्या वंशावळीत 'भागी, पेणला दिली' एवढंच, पुढे काही नाही. एकच बाई, दोन घरांत अर्धी अर्धी.

तन्वीला यातलं काही माहीत असणं शक्यच नव्हतं. मग ते लिहिलं कुणी? तर्क करून थकले, आजही उत्तर नाही. दाखवायला त्या अक्षरांचा फोटोही नाही. त्या बाईचं नाव आधी आमच्या घराने पुसलं, आणि परत आलं तेव्हा मी. याची मला फार लाज वाटते.

तरी सुनेची माफी मागायला मला गणपती उलटून जावे लागले; तोवर घरीदारी सगळे तिला नीलिमाच म्हणत होते. ती भाजी निवडत होती. म्हटलं, "तन्वी, माझं चुकलं गं. तुझं नाव तुलाच राहू दे."

तिने मान वर केली नाही.

"असू द्या आता, आई. परवा रोह्याला गेले तेव्हा बाबांनी 'तन्वी' म्हणून हाक मारली... आणि माझ्याकडून ओ गेलीच नाही."