जाऊबाईंचं काळं तेल

शुद्धलेखनाच्या चुका होतील. अक्षरही कोंबडीनं माती उकरावी तसं आहे. चौथीत पाटी सुटली ती सुटलीच. त्याबद्दल माफी असावी. पण पुढे जे लिहिते आहे त्याबद्दल माफी मागणार नाही. आमच्या मोठ्या जाऊबाईंएवढी हट्टी बाई वैनगंगेच्या या काठावर झाली नाही, आणि त्या काठावर झाली असेल तर तिनं समोर यावं.

भासरे, म्हणजे त्यांचे मालक, वारले तेव्हा मागे एक मोटारसायकल राहिली. नुकतेच जिल्ह्याचे दोन भाग झाले होते. जाऊबाई म्हणाल्या, "सरकारनं गोंदिया वेगळा केला, मी चूल वेगळी करतो," आणि त्याच आठवड्यात गाडी शिकल्या. परकर-ब्लाउजपिसांचं गाठोडं मागे बांधायचं, लुगड्यावर मालकांचा सदरा चढवायचा आणि सिहोऱ्याचा बाजार करायचा; पगाराच्या दिवशी चिखल्याच्या खाणकामगारांची वस्ती. गल्लीत कुत्रं नसलं तरी हॉर्न वाजवायच्या. तलावाच्या पाळीवर गाडी थांबवून तिला दम खाऊ द्यायच्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लोक बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावतात; यांनी ते गाडीच्या दांडीला लावलं. कोणी हसलं तर म्हणायच्या, "तुह्या बैलापेक्षा जास्त वझं वाह्यते ते."

एकदा इंजिनाचं तेल बदलायला त्या तुमसरला गेल्या. मिस्त्रीनं वर न पाहता सांगितलं, "घरच्या माणसाले पाठवा." जाऊबाई म्हणाल्या, "माह्या घरचा माणूस मीच आहो," आणि नव्या तेलाचा डबा विकत घेऊन गाडी वळवली. तेल घरीच काढायचं ठरलं.

आमच्या यांना ते मुळीच रुचलं नाही. गाडी आपल्या भावाची, म्हणजे आता आपली, असा यांचा हिशेब होता. अंगणात उभं राहून यांनी बजावलं, "वैनी, इंजिन बिघडलं तं गाडी माह्या दारात लागन. मंग बाजार पायी करा."

"अन नाही बिघडलं तं?"

"तं मी तोंड नाही उघडत."

"लय दिवसाची इच्छा आहे माही," जाऊबाई म्हणाल्या.

आमच्याकडे काळं तेल कोणी फेकत नाही. बैलबंडीच्या आसाला लागतं, दाराच्या चौकटीला उधळी, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून लागतं. जाऊबाईंनी ते कौतुकानं साऱ्या आळीला देऊ केलं होतं; गाडीत लिटरभरही तेल नसतं हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्यामुळे अंगण डबे-टमरेलांनी भरलं, आणि तेल कसं काढावं यावर जो तो आपल्या डब्याच्या सोयीचं बोलू लागला. शेजारचा बुढा म्हणाला, "आडवी पाड ना गाडी, भडभडा निंघते." कोणी होळीची पिचकारी आणली, वरच्या भोकातून ओढायला. जाऊबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. "आडवी पाडली तं पेट्रोल सांडते. अन वरतून ओढलं तं गाळ बुडीच राह्यते. विहीर काय वरतून साफ करता तुमी? खालचा नट खोलतो." मग गाडीवरून नाल्यापर्यंत चक्कर मारून आल्या, कारण कोमट तेल पातळ होऊन गाळासकट येतं. पोतं अंथरलं आणि सदऱ्याच्या बाह्या वर करून गाडीखाली शिरल्या.

नट हलेना. हे वरून वाकून हातवारे करू लागले. "इकडं फिरवा, इकडं! घट्ट करून राहिल्या तुमी! आटे गेले तं गाडी गेली!"

खालून आवाज आला, "भाऊजी, तुमी वरतून पाहून राहिले, मी खालून. तुमची डावी माही उजवी होते."

पान्ह्याला हिसका बसला, नट सुटला, आणि तेलाची धार थेट त्यांच्या मनगटावर. ओरडल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "बाई, काहीतरी लाव खाली. डबा उंच होते, शिरत नाही." घरात पसरट असं एकच होतं, माझी कणकेची परात. हे म्हणाले, "खबरदार परात देशील तं!" लग्नापासून मी यांच्यापुढे हूं की चूं केलं नव्हतं. तेव्हाही केलं नाही. आत गेले, परात आणली आणि यांच्या पायांमधून गाडीखाली सरकवली.

नवं तेल घातल्यावर गाडी दुसऱ्या लाथेला बोलली. हे खरंच आठ दिवस तोंड उघडायचे नाहीत. जेवायला तेवढं उघडायचे. वाट्याला आलेलं बोटभर तेल घेऊन बुढा कुरकुरत गेला. परात मी राखेनं घासली, चिंचेनं घासली, तरी महिनाभर पोळीला वास येई.

आता जाऊबाईंचे गुडघे गेले. गाडी छपरीत उभी असते, कुठं जात नाही. तरी त्या वर्षातून एकदा तेल काढायला लावतात, म्हणतात, "उभं राहूनबी जुनं होते." आता गाडीखाली मी शिरते. परात हे आणून देतात, न सांगता. तेल निघतं ते जवळपास घातलं तसंच, सोनेरी. डबा घेऊन कोणी येत नाही. यंदा जाऊबाई खाटेवरून वाकून हात हलवू लागल्या, "इकडं नाही बाई, तिकडं फिरव."

मी खालून जोरात म्हटलं, "तुमी वरतून पाहून राहिल्या, जाऊबाई."

त्यांनी खाटेवरून हात लांबवून गाडीचा हॉर्न दाबला. नुसतं बटण टिचकलं, हॉर्न वाजला नाही.