प्रसाद घेतलेल्या माणसाची पावती

आफ्रिकेतल्या सफारीचे पैसे सुरक्षितपणे कसे भरावेत, याबाबत आमच्या घराण्याचा स्वतःचा एक शोध आहे. ज्याला पैसे द्यायचे त्याला आधी सत्यनारायणाला बोलवायचं. तो आला, पाटावर बसला, डोळे मिटून तीर्थ घेतलं आणि शिरा दुसऱ्यांदा मागितला, की तो विश्वासू. मग त्याची कंपनी खरी आहे का, परवाना आहे का, बँक खातं कुणाच्या नावावर आहे, असल्या किरकोळ चौकशा करायच्या नसतात. केल्या तर माणूस दुखावतो, आणि पनवेलमध्ये राहून माणूस दुखावलेला आम्हाला परवडत नाही. पैसे बुडालेले परवडतात.

सगळं सुरू झालं ते माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांपासून. बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तो दर रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून कर्नाळ्याला पक्षी बघायला जातो. मीही जाते, कारण डबा कोणीतरी धरावा लागतो. एका रविवारी आमच्या डाव्या बाजूच्या फांदीवर स्वर्गीय नर्तक येऊन बसला. एरवी महिनोन् महिने माना दुखवून न दिसणारा हा पक्षी त्या दिवशी लांबलचक पांढरी शेपटी हलवत आमच्या शेजारीच बसला होता. मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. तो 'कुठे, कुठे' करत राहिला. त्यानं पूर्ण मान वळवली तेव्हा फांदी रिकामी होती.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडेकडून आत आत कमी होत जाते, थेंब घातले की वेग मंदावतो, पण गेलेली नजर परत येत नाही. समोरचं बरीच वर्षं दिसत राहील, असं सांगून डॉक्टर असे हसले की आम्ही पेढे वाटावेत.

त्या संध्याकाळी वडाळे तलावावर फिरताना नवरा मला म्हणाला, "कर्नाळ्यात एकेक पक्षी शोधावा लागतो. तिकडे केनियात शोधावंच लागत नाही म्हणे. अख्खं मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत जनावरांनी भरलेलं. माझ्या कडा शाबूत आहेत तोवर बघून येऊ या."

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. आफ्रिकेतला गवताळ प्रदेश मी फळ्यावर इतक्या वेळा काढलाय की तिथली झाडं मला तोंडपाठ आहेत. तिथे प्रत्यक्ष जायचं असतं हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं, कारण ते परीक्षेला येत नाही. नवऱ्यानं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. विल्डबीस्ट नावाच्या शिंगवाल्या जनावरांचे कळप नदी ओलांडतात तो मोसम ऑगस्टच्या आसपासचा. येत्या ऑगस्टलाच जायचं, असं ठरलं. पुढच्या वर्षी बघू, ही सोय आम्हाला नव्हती.

मी इंटरनेटवर शोधून एक कॅम्प निवडला. थोडी आगाऊ रक्कम त्यांच्या संकेतस्थळावरून कार्डानं भरायची, उरलेली जायच्या आधी. सरळ होतं. पण सरळ काम घरात बोलून दाखवायचं नसतं हे मी विसरले, आणि धाकट्या दिरांच्या कानावर घातलं.

दिरांचा कळंबोलीच्या लोखंड बाजारात धंदा. तिथे ट्रकभर सळया फोनवरच्या एका शब्दावर उचलल्या जातात, आणि भावजींना आजवर कोणी फसवलेलं नाही. फसवणार कसा? ज्यानं फसवायचं त्याचा गाळा समोर, घर रोडपालीत आणि सासुरवाड आमच्या गावाच्या, चिरनेरच्या, शेजारी. संध्याकाळी त्याच्या सासऱ्याकडे निरोप गेला की काम झालं. ही व्यवस्था उत्तमच आहे. फक्त ती नैरोबीपर्यंत पोचत नाही, एवढी एक बारीक गोष्ट भावजींच्या लक्षात आली नव्हती.

"वयनी, ओलख नाय, पालख नाय, आनी फोनवर पैशे टाकता?" ते म्हणाले. "आपला मानूस हाय रोडपालीला. तुमी टेन्शन नका घेऊ."

आपला माणूस म्हणजे भावजींच्या मित्राच्या साडूचा भाऊ. हे नातं ऐकल्यावर कुणाला शंका घ्यायची हिंमत होईल? त्याच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसात भिंतभर हत्तीचं पोस्टर होतं आणि टेबलावर एक लाकडी जिराफ, ज्याचा एक कान फेविक्विकनं चिकटवलेला होता. मी परवान्याचं विचारलं. त्यानं मला चहा विचारला. मी निवडलेल्या कॅम्पच्या बुकिंगचा कागद कधी मिळेल म्हटलं, तर तो उठून माझ्या पाया पडला आणि म्हणाला की मी त्याच्या मोठ्या बहिणीसारखी दिसते. पाया पडलेल्या माणसाला पुन्हा कागद मागणं अवघड असतं. ही युक्ती बँकेवाल्यांना कशी सुचली नाही कोण जाणे.

माघी पौर्णिमेला आमच्याकडे सत्यनारायण असतो. भावजींनी त्याला बोलावलं. त्यानं कथा शेवटपर्यंत ऐकली, जी आमच्या घरात गुरुजी सोडून कोणी ऐकत नाही. भावजी माझ्याकडे बघून मान हलवत होते, की बघा. मग हळदकुंकू लावलेल्या पाकिटातून त्याला टोकन दिलं, वर एक रुपया घालून. तो वरचा रुपया शुभ असतो. बाकीच्या रकमेचं काय होतं ते पुढे कळलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी त्याचा फोन आला, की उरलेले सगळे पैसे आजच्या आज भरले तर मोठी सूट आहे. खातं त्याच्या बायकोच्या नावावर होतं. कर वाचतो, तो म्हणाला. मी म्हटलं, आधी कंपनीच्या नावाचं बिल आणि कॅम्पचं बुकिंग दाखवा, मग देते. तो 'हो ताई' म्हणाला. त्यानंतर तिकडे परमिटचा घोळ झाला. मग तिकडे फार पाऊस झाला. मग त्याच्या सासूबाई आजारी पडल्या. मी कॅम्पला थेट फोन लावते म्हटलं, तर नवऱ्यानं अडवलं. भाऊनं एवढ्या आपुलकीनं माणूस दिलाय, मागून चौकशी केलेली कळली तर त्याला काय वाटेल? आमच्याकडे याला भीड म्हणतात. भीड पडली की माणसाची जीभ उचलत नाही, आणि हे आमच्याकडे चांगल्या संस्काराचं लक्षण मानतात.

ऑगस्ट आला. आम्ही कर्नाळ्याला होतो.

डिसेंबरात नवऱ्याच्या डोळ्यांची पुन्हा तपासणी झाली. त्यात यंत्रात डोकं घालून समोर बघत बसायचं, आणि कडेला कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराशी बसले होते. तो बराच वेळ बटण दाबतच नव्हता. मला वाटलं, झोपला की काय. मग कागद आला. त्यावर प्रत्येक डोळ्याचा एक गोल होता, आणि गोलाची काळी किनार आदल्या वर्षीपेक्षा बरीच आत सरकली होती. रिक्षात नवरा एवढंच म्हणाला, की ठिपके फार बारीक होते.

घरी येऊन मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. कॅम्पच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर फिरवला. त्यांच्या नैरोबीच्या ऑफिसात बुकिंगचं बघणाऱ्या बाईंनी आमची नावं लिहून घेतली, पासपोर्टप्रमाणे स्पेलिंग विचारलं, शोधलं आणि सांगितलं की या नावाचं बुकिंग कधीच झालेलं नाही, आणि या एजंटाचं नावही त्या पहिल्यांदा ऐकताहेत. बिचाऱ्या बाईंना वाईट वाटलं. मला राग आला, आणि तो एजंटापेक्षा आम्हा सगळ्यांचा जास्त आला.

पुढच्या माघी पौर्णिमेला तो एजंट आला. होय, आला. भावजींनी बोलावलं होतं आणि त्यालाही न येण्याचं काही कारण दिसलं नव्हतं. पंगत बसली, मी वाढायला घेतलं. नवऱ्यानं मला डोळ्यांनी खुणावलं, आज नको. मी मसालेभात घेऊन त्याच्या ताटासमोर उभी राहिले आणि टोकनाची पावती मागितली.

"ताई, पावतीचं काय एवढं," तो म्हणाला. "घरचीच माणसं आपण."

"घरचा माणूस असाल तर पोटभर जेवा," मी म्हटलं, "आणि कंपनीचा असाल तर पावती द्या. दोघांपैकी कोण ते सांगा, म्हणजे त्याप्रमाणे वाढते."

गुरुजींनीही घास थांबवला. त्यानं खिशातून फोन काढून कानाला लावला, जो वाजलाच नव्हता, आणि अर्जंट आहे म्हणत हात धुवायला गेला तो थेट जिना उतरला. नंतर कधीतरी रोडपालीला गेले तेव्हा त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकायला होती. जिराफाचं काय झालं माहीत नाही.

भावजी बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. टोकन बुडालं म्हणून नव्हे. पूजेच्या दिवशी माणूस भरल्या ताटावरून उठला म्हणून.

मग मी माझ्या पद्धतीनं पैसे भरायला घेतले. त्या देशातल्या सफारी कंपन्यांची संघटना आहे, तिचा नंबर स्वतः शोधून कॅम्पची नोंदणी खरी असल्याची खात्री केली. खातं कंपनीच्याच नावाचं आहे ना ते पाहिलं. रद्द केलं तर किती परत मिळतील ते लेखी मागवलं. एवढं सगळं विचारूनही त्या बाई दुखावल्या नाहीत, याचं मला इतकं नवल वाटलं की मी आणखी दोन-चार प्रश्न विचारले.

आगाऊ रक्कम भरायच्या दिवशी भावजी आपणहून घरी आले. अबोला सोडल्याचं त्यांनी तोंडानं सांगितलं नाही, स्वतःचं क्रेडिट कार्ड टेबलावर ठेवलं. दादाच्या सफारीचे पैसे मी भरणार, म्हणाले. मला भरून आलं, म्हणून मी त्यांना रागावले नाही. पण नैरोबीच्या बाईंनी ते कार्ड घेतलं नाही. कार्डावरचं नाव प्रवाशाचं नाही, त्यांच्या नियमात ते बसत नव्हतं. मी फोनवर समजावू लागले, की हे माझे सख्खे दीर, घरचेच. फोन स्पीकरवर होता.

"मला तुमच्या दिरांचा अपमान करायचा नाही," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण मी त्यांना ओळखत नाही."

भावजींच्या आयुष्यात हे वाक्य कळंबोलीत कोणी उच्चारलं नसावं. मग कार्ड खिशात घालत ते म्हणाले, "बाई बराबर बोलते."

शेवटी माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू केले, लागेल तेवढीच मर्यादा घातली, ओटीपी टाकला आणि पैसे गेल्यावर ते व्यवहार पुन्हा बंद केले. मिनिटभरात बुकिंगचा कागद आला, पाया न पडता. उरलेले पैसे बँकेतून पाठवायचे होते. मधल्या काळात आमचं खातं बदललंय, नव्या खात्यात भरा, असा एक ईमेल आला. मी जुन्याच नंबरवर फोन केला. तो ईमेल त्यांचा नव्हताच. बँकेनं पॅन, पासपोर्ट, बिल आणि फॉर्म मागितले, आणि का जाताय, कुणाकडे जाताय, सगळं विचारलं. माझं लग्न ठरताना माझ्या वडिलांनीही इतकी चौकशी केली नव्हती. मी खूश होऊन सगळ्याची उत्तरं दिली.

ऑगस्टमध्ये आम्ही त्या मैदानात उभे होतो. गाडीचं छत उघडं होतं, नवरा दुर्बीण न लावता दांडा धरून उभा. समोर कळप चालला होता, काळसर, धुळीतून, आवाज करत, आणि तो कुठे सुरू होतो नि कुठे संपतो ते कळत नव्हतं. मी फळ्यावर काढायची त्यातलं एकही झाड चुकीचं नव्हतं, फक्त मी जनावरं काढायची विसरले होते. नवऱ्यानं मान अगदी डावीकडे नेली, मग हळूहळू उजवीकडे आणली, मग परत डावीकडे. त्याला ते एका नजरेत मावत नव्हतं. तुकड्यातुकड्यानं बघून तो जोडत होता.

"इकडे संपले का गं?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हटलं.

"आणि तिकडे?"

तिकडेही नाही, मी म्हटलं. आदल्या ऑगस्टला हे त्याला मला विचारावं लागलं असतं का, ते मला माहीत नाही. टोकनाचा हिशोब मी केव्हाच सोडून दिला आहे. या हिशोबापाशी मी अजून अडते.

संध्याकाळी कॅम्पवर भावजींचा फोन आला. कसा काय गेला प्रवास वगैरे काही न विचारता त्यांनी एकच विचारलं, "दादा, समदं दिसलं ना रे तुला?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. भरल्या ताटासमोर पावती मागणारी मी, तंबूच्या दाराशी गप्प उभी राहिले.

"समदं दिसलं," तो म्हणाला. "या टोकापासून त्या टोकापर्यंत."