लघवी मोकळी, चालणं बंद

ओपीडीच्या दारापासून खुर्चीपर्यंतची चार पावलं टाकायला म्हाताऱ्या धनगर बाबांना मिनिटभर लागलं. पाय फाकवून, भिंतीला धरून. दीड महिन्यापूर्वी मीच त्यांच्या प्रोस्टेटचं लेझर ऑपरेशन केलं होतं.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. वयानुसार वाढते, लघवी अडवते. लेझरने ती आतूनच जाळून वाट मोकळी करायची. तेव्हा आमच्याकडे हे तंत्र नवीन होतं. मी पुण्यात ऑपरेशनं करायचो आणि आठवड्यातून एकदा नारायणगावला ओपीडी घ्यायचो.

बाबा जवळच्या आणे पठारावर मेंढरं राखायचे. म्हणाले, "लघवी झ्याक व्हतीय, डाक्टर. पर चालवत न्हाई. जांघंत लई दुखतंय."

एक्स-रे साफ होता. हाडांच्या डॉक्टरांनी वयाचं दुखणं म्हणून गोळ्या दिल्या. मला तेच ऐकायचं होतं.

दोन आठवड्यांनी बाबा तापाने फणफणून आले. ओटीपोटाच्या खालच्या हाडावर मी बोट टेकवलं, तसे ते ओरडलेच. त्यांची बायको माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमी म्हनला व्हता, कापायचं न्हाई, भ्यायचं न्हाई."

पुण्यात एमआरआय केला. रेडिओलॉजिस्टने मला बोलावून घेतलं. पडद्यावर दिसत होतं: जाळलेल्या जागी पुढच्या बाजूला बारीक भोक, आणि तिथून लघवी थेट त्याच हाडाच्या सांध्यात झिरपतेय. हाड सडायला लागलं होतं. असं होऊ शकतं, हे मी फक्त वाचलं होतं. जंतू रक्तात पसरले तर माणूस जाईल, आणि तो माझ्या हातून गेलेला असेल.

"बाबा, ते भोक माझ्या लेझरनं पडलंय," मी सांगितलं. "पोट उघडून बुजवावं लागेल."

त्यांनी विचारलं, "पुन्यांदा तुमीच?"

"माझे सर करतील. मी मदतीला असेन."

"ऱ्हावा मग. पळू नका."

सहा आठवडे कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, आणि अँटिबायोटिक. मग ऑपरेशन. सरांनी सडकं हाड खरवडलं, भोक शिवलं, मध्ये पोटातल्या चरबीचा पडदा बसवला. ऑपरेशन चार तास चाललं. सर एकदाच बोलले, "हात स्थिर ठेव."

त्यानंतर तिसऱ्या महिन्यात बाबा काठीशिवाय चालले. खोकला आला की लघवीचे थेंब सुटतात, ते मात्र कायमचं राहिलं. मेंढरांमागे आता त्यांची बायको जाते.

लेझरनंतर कोणी चालायची तक्रार केली, की मी आधी स्वतः ओटीपोटाखालचं हाड दाबून बघतो. हाडांच्या डॉक्टरांना चिठ्ठी त्यानंतर.